‘इन’ लागलं की अर्थ उलटा? दरवेळी नाही

स्पॅनिश शिकणाऱ्यांमध्ये एक टिप फिरत असते, की इंग्लिशमधला ‘इन’ म्हणजे ‘नाही’ आणि स्पॅनिशमध्येही सेम टू सेम. इनव्हिजिबल, इम्पॉसिबल बघून पटतंही, पण लॅटिनमध्ये ‘इन’ दोन होते, एक नकाराचा, दुसरा ‘आत’वाला. आपल्याकडे पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ असतं, म्हणजे पटकन पेटणारं, आणि स्पॅनिश ‘इन्फ्लामाब्ले’ही तेच.

खरी गंमत ‘इनहॅबिटेबल’ची, स्पेलिंग दोन्हीकडे एकच पण इंग्लिशमध्ये राहण्याजोगं आणि स्पॅनिशमध्ये (उच्चार इनाबिताब्ले) राहण्याजोगं नसलेलं, भाड्याची जाहिरात वाचताना जपून हां! चेक करायचं तर क्रियापद बघा, इंग्लिशमध्ये राहणं म्हणजे ‘इनहॅबिट’, ‘इन’ त्यातच आहे, स्पॅनिशमध्ये नुसतं ‘आबितार’, म्हणून तिथे ‘इन’ नकाराचा.