पियानोच्या तिसऱ्या पट्टीवर उतरलेला आवाज

एल्व्हिस प्रेस्लीचं ‘वे डाउन’ हे गाणं ऑक्टोबर १९७६ मध्ये मेम्फिसमधल्या त्याच्या राहत्या घरी, ग्रेसलँडमध्ये, ध्वनिमुद्रित झालं. गाणं एल्व्हिसचं, पण ते संपतं दुसऱ्याच माणसाच्या आवाजात. साथीला असलेले जे. डी. समनर शेवटी खाली खाली उतरत जातात आणि पियानोच्या मधोमध असलेल्या ‘सी’ या स्वराच्या तीन सप्तकं खाली असलेल्या ‘सी’वर टेकतात. पियानोवर डाव्या टोकाकडून मोजलं तर ही तिसरी पांढरी पट्टी. कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ३३, म्हणजे ३३ हर्ट्झ. पुरुषाचा बोलण्यातला आवाज साधारणपणे १०० ते १२० हर्ट्झच्या आसपास असतो, यावरून ही बुडी किती खोल आहे ते कळेल.

समनर मूळचे सदर्न गॉस्पेलमधले, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या ख्रिस्ती भक्तिसंगीतातले. टेनेसीतल्या लॉरेन्सबर्गचे प्रकाशक जेम्स व्हॉन यांनी १९१० मध्ये आपली भक्तिगीतांची पुस्तकं खपावीत म्हणून पगारी गायकांचा क्वार्टेट, म्हणजे चौघांचा संच, गावोगाव पाठवला आणि या परंपरेला व्यवसायाचं रूप आलं. वरच्या पट्टीतला टेनर, मुख्य चाल गाणारा लीड, त्याखाली बॅरिटोन आणि तळाला बास असे चार पुरुष, सोबत बहुधा एक पियानो. १९२४ मध्ये फ्लोरिडातल्या लेकलँडला जन्मलेल्या समनर यांना या क्षेत्रातली सर्वात मोठी जागा एका अपघातामुळे मिळाली. ३० जून १९५४ रोजी अलाबामातल्या क्लँटन इथे ब्लॅकवुड ब्रदर्स या क्वार्टेटचं विमान कोसळलं. त्यात बॅरिटोन आर. डब्ल्यू. ब्लॅकवुड आणि बास बिल लाइल्स गेले. लाइल्स यांच्या जागी समनर आले. त्यानंतर क्वार्टेटने विमान सोडून बस धरली. बसमध्ये झोपायची सोय करून दौरे करण्याची पद्धत रूढ करण्याचं श्रेय समनर यांनाच दिलं जातं.

आता गळ्याकडे वळू. स्वरयंत्रातल्या दोन स्वरतंतूंची लांबी प्रौढ पुरुषात जेमतेम दोन सेंटिमीटर असते. फुप्फुसातली हवा त्यांना विलग करते, मग ते पुन्हा मिटतात, आणि ही उघडझाप सेकंदाला किती वेळा होते त्यावर स्वराची उंची ठरते. तंतू ताणले की स्वर चढतो. सैल सोडले, आखूड आणि जाड होऊ दिले, की उतरतो. कंठ जन्मतःच मोठा आणि तंतू भरदार असलेल्या माणसाला इथे फायदा मिळतो, आणि तो रियाजाने कमावता येत नाही. रियाजाने कमावता येतं ते त्या सैलपणावरचं नियंत्रण, आणि माझ्या मते बास गायकाची खरी कारागिरी तिथेच आहे.

साधारण ७० हर्ट्झच्या खाली गेलं की गळ्याची चालच बदलते. तंतू इतके सैल होतात की प्रत्येक आवर्तनाचा बराचसा वेळ ते मिटलेलेच राहतात आणि हवेचा एकेक बुडबुडा सुटावा तसा एकेक ठोका बाहेर पडतो. ३३ हर्ट्झला दोन ठोक्यांत सुमारे ३० मिलिसेकंदांचं अंतर पडतं. तेवढ्या वेळात तोंडाच्या आणि घशाच्या पोकळीतला नाद विरून जातो, म्हणून सुरात खरखर ऐकू येते. याला वोकल फ्राय म्हणतात. सकाळी उठल्या उठल्या आपण जो घोगरा, तुटक ‘हं’ काढतो, तो याच जातीचा. फरक एवढाच की समनर त्यातून नेमका हवा तो स्वर काढत आणि शब्दही ऐकू येऊ देत.

या आवाजात जोर मात्र अगदी कमी असतो, आणि आपला कानही तिथे मंद असतो. १००० हर्ट्झचा स्वर अगदी हलका असला तरी ऐकू येतो. ३० हर्ट्झच्या आसपासचा जेमतेम ऐकू यायलाही सुमारे ६० डेसिबल लागतात. मायक्रोफोन नसता तर हे सूर सभागृहात पोहोचलेच नसते. दिशा धरणारा माइक ओठांजवळ आणला की तो खालच्या कंपनांना आपोआप उठाव देतो. क्वार्टेटचा बास आपली ओळ आली की माइकला जवळजवळ चिकटतो, ते या कारणाने. उरलेलं काम मेंदू करतो. फोनच्या इवल्या स्पीकरमधून ३३ हर्ट्झ जवळपास येतच नाही; पण त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर येतात आणि त्यांच्यातल्या समान अंतरावरून मेंदू गाळलेला मूळ स्वर भरून काढतो.

सर्वात खालच्या स्वरासाठी गिनीज बुकात समनर यांचं नाव बरीच वर्षं होतं. पुढे टिम स्टॉर्म्स यांनी २०१२ मध्ये ०.१८९ हर्ट्झ नोंदवलं, म्हणजे पाच सेकंदांहून जास्त वेळात एक कंपन. माणसाचा कान २० हर्ट्झच्या आसपास हात टेकतो, त्यामुळे हा विक्रम उपकरणांनीच मोजावा लागतो. स्वरतंतू किती ढिले पडू शकतात हे त्यातून कळतं, म्हणून शरीरशास्त्राला त्याचं मोल आहे. गाण्याला त्याचा काही उपयोग आहे असं मला वाटत नाही.

गाण्याला उपयोग आहे तो ६५ ते १३० हर्ट्झच्या पट्ट्यात स्थिर उभं राहण्याचा. बासने ६५ हर्ट्झचा ‘सी’ लावला की त्याच्याच आवाजात १३१, १९६, २६२ आणि ३२७ हर्ट्झचे उपस्वर असतात. म्हणजे षड्ज, पंचम, पुन्हा षड्ज आणि गंधार. तानपुऱ्याच्या खर्जात स्वयंभू गंधार ऐकू येतो तो याच नियमाने. वरचे तिघे हेच स्वर गात असतात. त्यांनी आपला सूर बासच्या उपस्वरांशी तंतोतंत जुळवला, की कंपनं एकमेकांत मिसळतात आणि आवाज चौघांपेक्षा मोठा वाटतो. गंमत अशी की पियानोचा गंधार सुमारे ३३० हर्ट्झला, म्हणजे किंचित चढा लावलेला असतो. म्हणून पियानो थांबतो आणि चौघे नुसते गातात, तेव्हा तयार कान असलेला क्वार्टेट गंधार किंचित उतरवून घेतो आणि स्वरमेळ एकदम घट्ट बसतो. बास अर्धा सूर जरी हलला, तरी वरच्यांनी कितीही नेमकं गायलं तरी इमारत डुगडुगते. ओहायोतल्या कॅथेड्रल्स या क्वार्टेटचे बास जॉर्ज यंस (१९३०–२००५) ऐकताना मला हे सर्वात स्पष्ट जाणवतं. ते फार खाली जाण्याचा हट्ट धरत नाहीत, पण स्वराची सुरुवातच इतकी गोल असते की वरचे तिघे निर्धास्त होतात.

असे गळे दशकानुदशकं टिकतात. स्वरतंतू दर कंपनाला एकमेकांवर आपटतात. १०० हर्ट्झला तासाभर सलग सूर लावला तर ३,६०,००० वेळा. ४०० हर्ट्झ गाणाऱ्या टेनरच्या वाट्याला याच वेळात चौपट आघात येतात. टिकण्याचं हे एकमेव कारण नव्हे. विश्रांती, पाणी, तंत्र, सगळंच मोजावं लागतं. उतारवयात पुरुषाचे स्वरतंतू बरेचदा पातळ होतात आणि आवाज थोडा चढतो, हाही धोका असतोच. समनर १९६५ मध्ये स्टॅम्प्स क्वार्टेटमध्ये गेले. १९७१ पासून १९७७ पर्यंत हा क्वार्टेट एल्व्हिसच्या मागे उभा राहिला. ज्या मुलाला मेम्फिसमधल्या गॉस्पेल मैफिलींना आपण मागच्या दाराने आत सोडत होतो असं समनर सांगत, तोच हा एल्व्हिस. पुढे पुन्हा गॉस्पेल, पुन्हा बस, पुन्हा दौरे. १६ नोव्हेंबर १९९८ रोजी साउथ कॅरोलिनातल्या मर्टल बीच इथे ते वारले, तेव्हा चौऱ्याहत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर होता आणि स्टॅम्प्सच्या तळाचा सूर अजून तेच लावत होते.