ग्रेड ३ दोन्हीकडे असतो: एनईटी आणि एनईसी

मामांचा बायोप्सी रिपोर्ट घरच्या ग्रुपवर आला आणि सगळ्यांची नजर 'ग्रेड ३' वर खिळली. स्वादुपिंडातली गाठ, यकृतातही पसरलेली. शेजारीच 'वेल डिफरन्शिएटेड' (पेशी अजून मूळ पेशींसारख्या दिसणाऱ्या) असं लिहिलेलं होतं, ते कुणी वाचलंच नाही. मेख तिथेच होती.

मामांची गाठ न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे संप्रेरकं (हार्मोन) बनवणाऱ्या पेशींची. पचनसंस्थेतल्या अशा गाठींची दोन कुळं: एनईटी (न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ही 'वेल डिफरन्शिएटेड') आणि एनईसी (न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा). (न्यूरो म्हणजे मेंदूच असं नाही, हे इरफान खाननं २०१८ मध्ये स्वतःचा आजार जाहीर करतानाच सांगितलं होतं.) किती पेशी वाढीला लागल्यात ते केआय-६७ दाखवतो. तो २० टक्क्यांच्या वर गेला की एनईटी ग्रेड ३ ठरते, आणि एनईसीतही तो २० च्या वरच असतो. घोळ इथे होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये स्वादुपिंडापुरती ही ग्रेड ३ एनईटी वेगळी काढली, २०१९ मध्ये बाकीच्या पचनसंस्थेतही.

मामा निफाडचे द्राक्षवाले. त्यांना म्हटलं, द्राक्षावरचे बुरशीचे दोन रोग घ्या, भुरी आणि डाऊनी. दोन्हींत पान पांढरं पडतं. पण भुरी बहुधा वरून, बोटाला पीठ लागतं. डाऊनीत वर तेलकट डाग आणि पांढरं खालून. गंधक भुरीला चालतं, डाऊनीला नाही.

"म्हणजे पान उलटून बघायचं," मामा म्हणाले.

पॅथॉलॉजिस्टही तेच करतात. एनईसीत पेशींची ठेवण पार बिघडलेली असते, पी५३ आणि आरबी ही जनुकं बहुधा निकामी. तिला सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिनबरोबर इटोपोसाइड देतात. गाठ पटकन आकसते आणि बरेचदा काही महिन्यांत पुन्हा डोकं वर काढते. एनईटी या केमोला फारशी दाद देत नाही. तिथे कॅपेसिटाबिन-टेमोझोलोमाइड ही वेगळी केमो, आणि पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे रिसेप्टर (ते पकडणारे रेणू) असतील तर त्यांना चिकटणारं किरणोत्सारी औषध, ल्युटेशियम.

पण एकाच पोटातल्या सगळ्या गाठी एकसारख्या नसतात. सुई एकाच जागी लागते. शेजारच्या गाठीत केआय-६७ वेगळा निघू शकतो. म्हणून दोन पेट स्कॅन सांगतात: गॅलियम डोटाटेट हे रिसेप्टर दाखवतो, एफडीजी साखर जास्त खाणाऱ्या पेशी. एखादी गाठ पहिल्यात चमकते, दुसरी फक्त एफडीजीत. ल्युटेशियम रिसेप्टरवाल्या पेशींना गाठतं. बिनरिसेप्टरच्या मागे राहतात आणि पुढे त्याच फोफावतात.

हे मामांना समजवावं लागलं नाही. एकच बुरशीनाशक सारखं मारलं की काय होतं, ते त्यांनी बागेत पाहिलंय. एफडीजीच्या आधी काही तास उपाशी राहायचं, साखरेचा चहासुद्धा नाही, यावर मात्र ते कुरकुरले.