जांभ्याच्या टोपीखालचं महाबळेश्वर

महाबळेश्वरला आर्थर सीटच्या कठड्याशी उभं राहून वाळकं पान दरीत सोडलं, तर बऱ्याचदा ते खाली जातच नाही. थरथरत वर येतं आणि डोक्यावरून मागच्या झाडीत जाऊन पडतं. बघणाऱ्यांना गंमत वाटते. मला मात्र त्या पानात या गावाचा सगळा पावसाळा दिसतो. कोकणातून आलेला वारा सह्याद्रीच्या कड्याला धडकतो, पुढे वाट नाही म्हणून वर चढतो. जून ते सप्टेंबर हाच वारा अरबी समुद्रावरची वाफ घेऊन येतो. वर जाताना दाब कमी होतो, हवा फुगते, फुगता फुगता गार होते आणि वाफेचे थेंब होतात. सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या या पठारावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तो असा. जुलै २०२१ मध्ये तर एकदा चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पडला. पुण्याला सबंध पावसाळ्यात साधारण तेवढा पडतो!

आणि हा पाऊस किती अरुंद पट्ट्यातला! जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो, घाटाखालच्या वाईला हजार मिलिमीटरच्याही आत. जुलैत एसटीने खाली निघा. महाबळेश्वरात समोरचा रस्ता दिसत नाही, पसरणीच्या घाटात नुसती भुरभुर उरते आणि वाईत कधी कधी चक्क ऊन पडलेलं असतं. कडा ओलांडलेली हवा खाली उतरताना तापते, ढग विरतात. पर्जन्यछाया म्हणतात ती हीच.

हिवाळ्याची तऱ्हा वेगळी. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून इथे स्ट्रॉबेरी पिकते. पण वेण्णा तलावाकाठी पहाटे दवबिंदू गोठतात, त्याला नुसती उंची पुरत नाही. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होऊन उतारावरून खोलगट जागेत साचते. त्यामुळे गावात नुसता गारठा असतो, तेव्हा तलावाकाठच्या गवतावर बर्फाची पांढरी साय धरलेली असते.

सगळ्यात मोठं कोडं मात्र पाण्याचं. पावसाळ्यातले चार महिने सोडले तर इथे फारसा पाऊस नाही, मग ऐन उन्हाळ्यात झरे कसे वाहतात? त्याचं उत्तर पायाखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बसाल्ट ऊन-पावसात झिजत गेला. त्यातली सिलिका पाण्याबरोबर निघून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. तोच हा तांबडा, छिद्राछिद्रांचा जांभा. पाचगणीचं टेबललँड म्हणजे याच जांभ्याची सपाट टोपी. जांभ्याचा एक तुकडा हातात घेऊन त्यावर पाणी ओता, बघता बघता आत मुरतं. डोंगरावरही तेच होतं. मुरलेलं पाणी खालच्या चिकण थराशी आणि कठीण बसाल्टशी अडतं, आडवं सरकतं आणि उताराच्या कुशीत झरा होऊन बाहेर येतं.

म्हणूनच जांभ्याच्या पठारावर डांबर आणि सिमेंट पसरतं तेव्हा मला धास्ती वाटते. मुरायचं पाणी गटारातून थेट दरीत जातं. ज्या गावात एवढा पाऊस, तिथेच उन्हाळ्यात पाण्याची ओढ लागते. २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरलं, ते फार बरं झालं.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री यांचं पाणी एका गोमुखातून पडतं. याच डोंगरावरून सावित्री पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर अरबी समुद्र गाठते, तर कृष्णा पूर्वेला चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. एप्रिलमध्ये त्या गोमुखाखाली ओंजळ धरली, की हातावर गार पाणी पडतं. गेल्या पावसाळ्यात कड्यावर कोसळलेला पाऊस जांभ्यातून झिरपत आता कुठे बाहेर आलेला असतो.