मनःस्थिती आणि व्यक्तिमत्त्व चाचण्या

मानसिक आजाराच्या तपासणीत वापरल्या जाणाऱ्या दोन जातींच्या चाचण्या. पहिली विचारते, गेले काही दिवस कसे गेले. दुसरी विचारते, एरवी तुमचा स्वभाव कसा.

ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. 'याला ठाण्याला न्या' ही थट्टा तिथूनच रुळली. आता मात्र या शहरात स्वतःच्या पायांनी येऊन प्रश्नावली भरणारे कमी नाहीत.

मनःस्थितीच्या चाचण्या आटोपशीर असतात. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली की नैराश्याची नीट तपासणी करतात. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे खूण असली, तर बेरीज कितीही कमी असो, त्यावर बोलावेच लागते. नैराश्यच मोजणारी बेक मापनी (१९६१) रुग्ण स्वतः भरतो, हॅमिल्टन मापनी (१९६०) तपासणारा भरतो. 'बरं आहे' म्हणायची सवय असलेल्या माणसाचे दोन्हींवरचे चित्र वेगळे दिसू शकते. शिवाय पहाटे पावणेपाचला उठून लोकल गाठणारा 'झोप' आणि 'थकवा' दोन्हींवर खूण करतो. त्यात उदासी किती आणि लोकल किती, हे कागद सांगत नाही.

व्यक्तिमत्त्व चाचण्यांना वेळ लागतो. एमएमपीआय ही विधानांची प्रश्नावली १९४३ ची. १९८९ च्या आवृत्तीत ५६७ विधाने, उत्तर 'बरोबर' किंवा 'चूक'. स्वतःला फार चांगले दाखवणारा किंवा त्रास फुगवून सांगणारा ओळखायला तिच्यात वेगळ्या मापन्या आहेत. 'यात काय दिसते?' असे विचारायची रोर्शाकची शाईच्या डागांची १० कार्डे (१९२१) अजून वापरात आहेत, पण त्यांच्या भरवशाबद्दलचा वाद जुना आहे.

खरी अडचण दोन्हींच्या सरमिसळीची. नैराश्यातल्या माणसाला आपण जन्मापासूनच असे, असे वाटते. त्या आठवड्यात स्वभावाची चाचणी घेतली, तर तो बुजरा, चिंतातुर, माणसे टाळणारा निघतो. उपचारानंतर तीच उत्तरे बदलतात. म्हणून तातडी नसेल, तर मन सावरेपर्यंत व्यक्तिमत्त्व चाचणी पुढे ढकललेली बरी. उलट, वर्षानुवर्षे खिन्न राहणाऱ्याचे मनःस्थितीचे गुण औषधांनीही फारसे उतरले नाहीत, तर स्वभावाकडे वळावे लागते. त्यासाठी घरच्यांना विचारतात, 'हा आधीपासून असाच का?' आणि आई सांगते, 'छे हो, गणपतीत सगळ्यांच्या पुढे हाच नाचायचा.'