पटकीवरचा उतारा इतका उशिरा का मिळाला?

पटकी म्हणजे कॉलरा. यात रोगी मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार वाहून गेल्यामुळे. डोळे खोल जातात, चिमटीत धरलेली कातडी सोडली तरी तशीच उभी राहते, आणि उपचार नसेल तर काही तासांत सगळं संपू शकतं.

गेलेलं भरून काढा, हे १८३२ मध्येच कुणीतरी सांगितलं होतं. १८१७ साली बंगालमधून निघालेला हा रोग १८३१ मध्ये इंग्लंडात पोचला. तिथे विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रोग्यांचं रक्त तपासलं. त्यातलं पाणी आणि क्षार घटलेले होते. त्यावरून स्कॉटलंडमध्ये थॉमस लॅटाने मरणाच्या दारातल्या एका वृद्धेच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. तिची नाडी लागली, चेहऱ्यावर तरतरी आली. आता धोका टळला असं समजून तो निघून गेला. जुलाब पुन्हा सुरू झाले आणि ती दगावली. पाणी देत राहायला हवं होतं! पण पद्धतच मागे पडली. रक्त काढणं, रेचक देणं चालूच राहिलं.

पुढे शोध लागत गेले. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नोने साथीचं मूळ एका सार्वजनिक पंपापर्यंत नेऊन दाखवलं, १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात जंतू ओळखला. मला मात्र १९५९ सालचं शंभुनाथ डे यांचं काम सर्वांत मोलाचं वाटतं. सशाच्या आतड्यावरच्या प्रयोगांतून त्यांनी दाखवलं, की जंतूचं विषच आतड्यातून पाणी बाहेर ओढतं. हगवणीचं तसं नाही. कियोशी शिगाने १८९७ मध्ये शोधलेला तिचा जंतू आतड्याच्या अस्तरात घुसतो, म्हणून रक्त पडतं. पटकीत अस्तर शाबूत राहतं, आणि ग्लुकोजसोबत मीठ, व त्यामागोमाग पाणी, शोषून घेण्याची त्याची वाटही. म्हणून तोंडाने पाजलेलं पाणीही अंगी लागतं.

१९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत साथ आली. पश्चिम बंगालमधल्या बनगावला शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनोबिस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असं पाणी करून नळ लावलेल्या पिंपांत भरलं. नातेवाईक पेले भरून आपापल्या माणसाला पाजत राहिले. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं.