शहाजोग, असामी, शेठ: पेढीवरच्या शब्दांची पार्श्वभूमी

आज कुणाला ‘शहाजोग’ म्हटले तर तो चिडेल. वरून सभ्य, आतून बनेल, असा त्याचा अर्थ झाला आहे. पेढीवर मात्र हा शब्द हुंडीत, म्हणजे ‘अमुक रक्कम द्या’ असे दुसऱ्या पेढीला सांगणाऱ्या कागदात, लिहिला जाई आणि त्याचा रोख अगदी उलटा होता.

दर्शनी (दाखवताच पैसे) आणि मुदती (ठरल्या मुदतीनंतर पैसे) हा फरक बहुतेकांना ठाऊक असतो. ‘जोग’चा प्रश्न वेगळा आहे: पैसे कुणाच्या हातात ठेवायचे? धनीजोग हुंडी असेल तर त्या हुंडीच्या धन्याच्या. शहाजोग असेल तर फक्त शहाच्या, म्हणजे त्या बाजारात पत असलेल्या, सर्वांच्या ओळखीच्या व्यापाऱ्याच्या. मधल्या प्रवासात शहाजोग हुंडी पाठीवर सही न होता हातोहात फिरू शके. शेवटी ती शहाकडे आली की तो आधी देणाऱ्याची चौकशी करी आणि खात्री पटल्यावरच, ती जिच्यावर लिहिलेली असे त्या पेढीवर दाखवी. ती सकारली (मान्य केली) गेली, पैसे चुकते झाले, की त्या कागदाला ‘खोखा’ म्हणत. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर शहाला रक्कम व्याजासह परत करावी लागे. आपण मधले होतो, ही सबब चालत नसे. शहाचे मोठेपण या जबाबदारीत होते, आणि या शब्दाविषयी बोलताना नेमके तेच विसरले जाते.

आकडा वाढवण्याची लबाडी रोखायला वेगळा उपाय होता. शंभर रुपये लिहिले की पुढे ‘निमे पन्नास, त्याची दुप्पट पुरे शंभर’ अशा धर्तीवर तीच रक्कम पुन्हा येई. शंभराचे हजार करायचे तर पन्नासाचे पाचशेही करावे लागत आणि खाडाखोड उघडी पडे. हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत म्हणजे ‘पैठ’, तीही गहाळ झाली तर तिसरी म्हणजे ‘परपैठ’ मिळे. पण खरी, बिनखाडाखोडीची हुंडी चोराने आणली तर यातले काहीच कामाचे नव्हते. तिथे एकच आडकाठी होती, ती म्हणजे शहा. न्यायालयांनी शहाजोग हुंडीची तुलना रेघा मारलेल्या चेकशी केली ती यामुळेच. तसा चेक बँकेमार्फतच वटतो, ही हुंडी शहामार्फत. १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्याने (Negotiable Instruments Act) कलम १ मध्येच देशी भाषांतल्या कागदांचा स्थानिक रिवाज अबाधित ठेवला. कागदावर तसे नमूद केले तर मात्र तो रिवाज बाजूला ठेवता येतो.

घोळ आहे ‘जोग’चा. गुजराती-मारवाडी पत्रव्यवहारात ‘अमुक जोग’ म्हणजे ‘अमुक यांस’. शहाजोग म्हणजे ‘शहाला द्यावयाची’, एवढेच. मराठी कानाला मात्र ‘जोग’ म्हटले की ‘जोगा’ आठवतो: करण्याजोगा, सांगण्याजोगा. त्यामुळे कागदाचे विशेषण माणसाला लागले आणि ‘शहाला साजेसा, अब्रूदार’ हा अर्थ रुळला, असे मला वाटते. जुने लेखन ‘शाहाजोग’ असेही सापडते. ‘शहाजोगपणाचा आव’ हा पुढचा टप्पा. काही जण हा शब्द ‘शहाणा’शी जोडतात. ते ओढूनताणून आहे, कारण हुंडीची भाषा समोर ठेवली की त्याची गरजच उरत नाही.

‘असामी’ची गोष्ट याहून वाकडी. अरबीत ‘इस्म’ म्हणजे नाव, ‘अस्मा’ त्याचे अनेकवचन आणि ‘असामी’ त्या अनेकवचनाचेही अनेकवचन. दप्तरात ती नावांची यादी होती. माणसे मोजताना ‘असामी ४’ लिहीत, हिशेब ‘असामीवार’ मांडत, नेमणुकीलाही असामी म्हणत. उत्तरेत असामी म्हणजे कूळ किंवा कर्जदार, बंगालीत आजही आरोपी, आणि मराठीत ‘बडी असामी’ म्हणजे वजनदार माणूस. कर्जदार मोठा माणूस कसा झाला? माझ्या मते उत्तर खातेवहीत आहे. सावकाराच्या दृष्टीने मोठे नाव म्हणजे मोठे खाते, मग बाकी कुणाकडूनही निघो. म्हणून ‘बडी’ महत्त्वाचे. ते काढले की ‘असामी’ म्हणजे नुसता इसम राहतो. शब्द स्त्रीलिंगी राहिला, पुरुषाबद्दलही ‘ती बडी असामी आहे’ असेच म्हणतात.

‘शेठ’ सर्वांत जुना. मूळ ‘श्रेष्ठिन्’. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या लेखात वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या ‘सेठी’ने ते पूर्ण केल्याची नोंद आहे. मराठी राज्यात ‘शेटे’ आणि ‘महाजन’ ही पेठेची वतने होती. नवी पेठ वसवायची तर सरकारचा कौल (सवलतींचे लेखी आश्वासन) घेऊन व्यापारी आणायचे, त्यांना जागा द्यायच्या, बाजारातले तंटे सोडवायचे हे शेट्याचे काम, आणि त्याबद्दल दुकानागणिक हक्क. वतने गेली, आडनावे उरली. कोकणात आणि गोव्यात सोनार-वाण्यांच्या नावापुढे ‘शेट’ लागले, तर सत्यशोधक लिखाणात ‘शेटजी-भटजी’ ही जोडी शोषणाचे नाव झाली.

आता मुंबईत रिक्षावालाही अनोळखी गिऱ्हाइकाला शेठ म्हणतो. रायगड, नवी मुंबई, मावळ या पट्ट्यात ते नेत्याच्या नावाला चिकटले आहे. वाढदिवसाच्या फलकावर पहिल्या नावाला जोडून मोठ्या अक्षरात ‘शेठ’ येते आणि आडनाव बारीक. त्या माणसाचे दुकान असेलच असे नाही. जमीन, बांधकाम किंवा मतदारसंघ, यांतले काहीतरी त्याच्या हातात असते.