बंदीतला सायकलपटू चाचणीतून सुटतो?

उत्तेजक द्रव्यासाठी दोन वर्षांची बंदी म्हणजे चाचण्यांपासून सुटका, तेवढ्यात हवं ते घेऊन ताकद वाढवायची आणि परतायचं, हा समज जुना आहे आणि तो चुकीचा आहे. ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनुसार बंदीच्या काळातही चाचणी कधीही होऊ शकते. ठावठिकाणा कळवणाऱ्यांच्या यादीत असलेल्याला चाचणीसाठी कुठे सापडेल ते सांगून रोज ६० मिनिटांची ठरावीक वेळ द्यावी लागते. १२ महिन्यांत चाचणी हुकणं किंवा ठावठिकाणा न कळवणं अशा तीन चुका झाल्या, तर तो नवा गुन्हा. रक्ताच्या जैविक पासपोर्टमधल्या, म्हणजे खेळाडूच्या रक्तचाचण्यांच्या दीर्घकालीन नोंदवहीतल्या, जुन्या नोंदीही पुसल्या जात नाहीत; नव्या नमुन्यातले आकडे त्यांच्याशीच ताडले जातात.

संघाबरोबरचा सराव शेवटचे दोन महिने किंवा बंदीचा शेवटचा चतुर्थांश, यांतला जो काळ कमी असेल, तेवढाच. बंदी संपण्याआधी क्लबची छोटी शर्यत खेळली, तरी मूळ बंदीइतकी नवी बंदी लागू शकते. बंदीत निवृत्ती घेणाऱ्याला परतण्याआधी किमान सहा महिने लेखी सूचना देऊन चाचणीसाठी उपलब्ध राहावं लागतं.

स्पेनचा सायकलपटू अल्बेर्तो कोंतादोर फेब्रुवारी २०१२मधल्या दोन वर्षांच्या बंदीच्या निकालानंतर ऑगस्टमध्येच परतला, कारण बंदी मागील तारखेपासून मोजली. त्याबदल्यात जिरो या इटलीतल्या मोठ्या शर्यतीचं २०११चं विजेतेपदही गेलं, हे मात्र कुणी सांगत नाही.